रिकाम्या गोलला सांगितलेला स्कोअर

माझ्या भावाच्या दहाव्याला कावळा शिवला नाही. कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर कावळ्यांचा कधी तुटवडा नसतो, एरवी हातातलं भजं पळवतात. त्या दिवशीही ते आले होते. समोरच्या झाडावर ओळीने बसले होते, पण पानाकडे एकही उतरेना. आईने सांगितलं, तुझ्या बहिणीचं चांगल्या घरात लग्न करून देऊ. मामाने सांगितलं, तुझ्या आईला अंतर देणार नाही. त्याच्या संघातल्या पोरांनी सांगितलं, तुझ्या नावाने स्पर्धा भरवू. कोणीतरी धावत जाऊन त्याच्या आवडीची जिलेबी आणली. ऊन डोक्यावर आलं तरी कावळे आपले जागच्या जागी. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पानाला टेकवला आणि सगळे अंग झाडून उठले. आप्पा, म्हणजे माझे वडील, एवढ्या वेळात एक शब्दही बोलले नव्हते.

दादा आमच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर होता. कोल्हापूर म्हटलं की लोकांना कुस्ती आठवते, पण आमच्याकडे तालमीतल्या पोरांना तांबड्या मातीइतकंच मैदानाचंही वेड. दोन पेठांची मॅच असली की नवराबायकोसुद्धा माहेर-सासरच्या पेठेवरून अबोला धरतात. फायनलच्या शेवटच्या मिनिटांत दादाने समोरच्याच्या पायात झेप घेतली. त्याचा गुडघा दादाच्या कानशिलावर बसला. चेंडू दादाच्या हाताला लागून आत गेला आणि दादा तिथेच आडवा झाला. पेठ हरली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरकारी दवाखान्यात दादा गेला.

त्यानंतर आमच्या घरात फुटबॉल हा शब्द बंद झाला. आप्पांनी दादाचे बूट, जर्सी, फोटो सगळं कुठे नेऊन ठेवलं कुणास ठाऊक. तालमीत मात्र संघाचा फोटो होता. अकरा जणांतला एकच गेलेला, मग हार कसा घालायचा? म्हणून दरवर्षी त्याच्या तिथीला काचेवर नेमका त्याच्या तोंडावर गंधाचा ठिपका लावायचे. आधीचा ठिपका पुसायचा नाही, त्यावरच नवा. काही वर्षांनी ठिपक्याखाली चेहरा दिसेनासा झाला. माझ्या आठवणीतही मग तसंच झालं. मी दादाला आठवायला गेले की खांदे आठवायचे, काखेत दडवलेले हात आठवायचे आणि चेहऱ्याच्या जागी पिवळा ठिपका.

आई मरेपर्यंत एकच विचारत राहिली, त्याला काय पाहिजे होतं? आप्पा ताटावरून उठून जायचे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी शारजात होते, अल नहदाच्या एका उंच इमारतीत. नवरा रास अल खैमाला टाइल्सच्या कारखान्यात होता, गुरुवारी रात्री यायचा आणि शनिवारी पहाटे जायचा. मी हद्दीपलीकडे, दुबईतल्या अल कुसैसला, पंप आणि व्हॉल्व्ह विकणाऱ्या एका कंपनीत इंग्रज साहेबांची सेक्रेटरी होते. तेव्हा ऑफिसं दुपारी एक ते चार बंद असायची. घर हाकेच्या अंतरावर, पण त्या ट्रॅफिकमधून जाऊन परत येण्यात माझा जीव गेला असता. म्हणून मी डबा खाऊन तिथेच थांबायची. साहेबांनी हे हेरलं आणि एक दिवस हाताने लिहिलेल्या कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला.

साहेबांचं गाव इंग्लंडच्या उत्तरेला, लोकरीच्या गिरण्यांचं. तिथल्या जुन्या फुटबॉल क्लबचा इतिहास ते लिहीत होते. क्लब लवकरच मोठा वर्धापनदिन साजरा करणार होता आणि त्याआधी पुस्तक छापून व्हायला हवं होतं. 'तुम्हाला फुटबॉल कळतो का?' त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. माझ्या तोंडून तेच येणार होतं.

टायपिंग सुरू झालं. अक्षर भयंकर, पण माणसं एकेक अशी की दुपारची झोप उडावी. क्लब काढला तो चर्चच्या रविवारच्या वर्गातल्या पोरांनी. क्रिकेटचा हंगाम संपला की ही पोरं दारूकडे वळतील, या भीतीने पाद्रीबुवांनी त्यांना चेंडू आणून दिला आणि पोरांनी एका दारूच्या गुत्त्यामागचं मैदान भाड्याने घेतलं. मैदान उतरतं होतं, त्यावर मेंढ्या चरायच्या. पहिल्या वर्षी गोलला आडवा दांडा नव्हता, दोरी बांधलेली असायची. एक विणकर, एक चांभार, एक पोलीस. दोघे सख्खे भाऊ घराच्या वाटणीवरून भांडलेले, ते एकमेकांना चेंडू देत नसत. हे वाचून मला हसू आलं. भाऊबंदकी तिकडेही काही कमी नाही. सगळ्यात जास्त गोल मारणारा पुढे कालव्यात बुडालेला सापडला. एक ऑस्ट्रेलियाला गेला, त्याचं पुढे काही कळलंच नाही.

त्या पहिल्या संघातल्या अकरा जणांचा फोटो साहेबांच्या केबिनमध्ये होता, जाड काळ्या चौकटीत. दुपारी ऑफिसात मी एकटी आणि समोरच्या उघड्या दारातून ते अकरा जण. एसीचा कंप्रेसर मध्येच धप्पकन वाजायचा, भिंतीवर चेंडू आपटावा तसा. मी काही भुताखेतांना भिणारी बाई नव्हे, पण त्यांच्याकडे पाठ करून बसणं मला जमेना. दोन आठवड्यांत मी टेबल फिरवून घेतलं. डावीकडून तिसरा होता त्याने हात छातीवर घट्ट बांधून, काखेत दडवले होते. मी त्याच्याकडे बघायचं टाळायची आणि बघायचीच.

मग त्याचं प्रकरण आलं. तो गोलकीपर होता, जेमतेम विशीचा. त्या काळात गोलकीपरला धडक मारायला मुभा होती. एका मोठ्या मॅचमध्ये तिघांनी मिळून त्याला चेंडूसकट आत ढकललं. तो खांबावर आपटला. गुत्त्यातल्या बाकावर त्याला निजवला, दोन दिवस तो तिथेच होता. शुद्धीवर आला तेव्हा त्याने विचारलं, मॅचचं काय झालं? सोबत्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सांगितलं, जिंकलो. तो गेला. खरं तर ते हरले होते आणि ज्या गोलने हरले तो त्याच्याच अंगावरून आत गेलेला होता.

मी टायपिंग थांबवलं.

पुढचं पान साहेबांनी खोडून परत लिहिलं होतं. तो गेल्यावर मैदानाच्या राखणदाराला ऐकू यायला लागलं. मॅच संपली, लोक गेले, फाटकाला कुलूप लावायला तो गेला की गिरणीकडच्या गोलपाशी कोणीतरी विचारायचं, 'काय झालं?' तेवढंच. पाद्रीबुवांनी प्रार्थना म्हटली, पाणी शिंपडलं, उपयोग झाला नाही. शेवटी राखणदाराची बायको म्हणाली, 'अहो, त्या पोराला खोटं सांगितलंय आणि त्याला ते कळलंय. खरं सांगा की एकदाचं.' राखणदार रिकाम्या गोलपुढे टोपी काढून उभा राहिला आणि त्याने त्या जुन्या मॅचचा स्कोअर मोठ्याने सांगितला. आवाज बंद झाला. तेव्हापासून प्रत्येक मॅचनंतर राखणदार त्या गोलपुढे जाऊन त्या दिवशीचा स्कोअर सांगतो. राखणदार बदलले, मैदानाला स्टँड आले, दिवे आले, तरी ते सुटलेलं नाही.

साहेब चार वाजता आले तेव्हा मी विचारलं, 'हे खरं आहे?'

'आवाजाचं मला माहीत नाही,' ते म्हणाले. 'स्कोअर सांगतात ते खरं आहे. लहानपणी वडील मला घेऊन फाटकाशी थांबायचे, ऐकायला.'

'हरले तरी सांगतात?'

'हरलो तर जरा मोठ्याने सांगतात.'

घरी यायला त्या दिवशी फार उशीर झाला नाही, तरी लिफ्टमध्ये एकटीने चढायला मला नको वाटलं. खालच्या मल्याळी दुकानदाराच्या बायकोची वाट बघत मी उभी राहिले.

त्या वर्षी आईला जाऊन वर्ष उलटलं होतं. आप्पा कोल्हापुरात एकटे, म्हणून मी त्यांना हट्टाने बोलावून घेतलं. ते आले तेव्हा शारजाचा उकाडा अजून ओसरला नव्हता. दिवसभर बाल्कनीत बसून समोरच्या इमारतींचे मजले मोजायचे. कावळे दिसले तेव्हा मात्र चमकले.

'हितं पण कावळे?' ते म्हणाले. 'ह्यांना व्हिसा कुणी दिला?'

'आपल्याकडचेच आहेत म्हणतात. जहाजांवर बसून आले.'

आप्पा बराच वेळ कावळ्यांकडे बघत होते. मग खुर्ची फिरवून आत तोंड करून बसले.

पुस्तकासाठी त्या फोटोची चांगली प्रत हवी होती. साहेबांनी तो माझ्याकडे दिला. शनिवारी रोला बाजारातल्या स्टुडिओत द्यायचा म्हणून मी गुरुवारी तो घरी आणला आणि सोफ्यावर टेकवून स्वयंपाकाला लागले. बाहेर आले तर आप्पा फोटोपुढे मांडी घालून बसलेले. हातात गंधाची वाटी. माझी मुलगी शेजारी उकिडवी बसून बघत होती.

'आप्पा, हे काय करताय?'

'तुझ्या पोरीला विचारलं, हे कोण. ती म्हणाली, सगळे मेलेत.' ते शांतपणे म्हणाले. 'मेलेल्यांना गंध नको व्हय?'

'दे आर ऑल डेड, मम्मा. यू ओन्ली टोल्ड मी,' मुलगी म्हणाली.

सात-आठ तोंडांवर ठिपके उमटले होते. विणकर ठिपक्याखाली गेला, चांभार गेला, पोलीस गेला. शनिवारी साहेबांचा हा फोटो स्टुडिओत कसा द्यायचा? आप्पांना थांबवायला मी पुढे झाले, पण ते आपणच थांबले होते. त्यांचं बोट डावीकडून तिसऱ्यापाशी हवेत होतं.

'हा गोली,' आप्पा म्हणाले.

त्या काळात गोलकीपरची जर्सी वेगळी नसायची. अकराही जण सारख्याच पट्ट्यांत होते. मी आप्पांना काही सांगितलेलं नव्हतं.

'कशावरून?'

'हात कसे दडवलेत बघ की. गोली सगळे असंच करतात. मोडकी बोटं दिसायला नकोत म्हणून.' मग त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, 'कसा गेला?'

इतक्या वर्षांत आप्पांनी माझ्याशी गोलकीपर हा विषय काढला नव्हता. मी मुलीला आत पाठवलं आणि सगळं सांगितलं. धडक, खांब, बाक. त्याने काय विचारलं, सोबत्यांनी काय सांगितलं. राखणदार आणि त्याची बायको. आप्पांच्या बोटावरचं गंध वाळून पांढरं झालं.

'खरं सांगतात? हरल्यालं पण?'

'हो. मोठ्याने.'

त्यांनी वाटी खाली ठेवली. गोलीच्या तोंडावर ठिपका लावलाच नाही. नंतर बाकीचे ठिपके मी ओल्या कपड्याने पुसून काढले. ते पुसताना मला वाईट वाटलं आणि पुसल्यावर बरंही वाटलं. गोलीचा चेहरा तेवढा काचेमागे पहिल्यापासून स्वच्छ होता.

पुढचे दिवस आप्पा घरात असून नसल्यासारखे वागले. रात्री त्यांच्या खोलीतून बोलल्यासारखं ऐकू यायचं. मी दाराशी गेले की बंद व्हायचं. पितृपंधरवडा चालू होता. एका सकाळी ते म्हणाले, 'सर्वपित्रीला म्हाळ घालू. ह्या पोरांचा पण. एकाचीबी तिथी आपल्याला ठाऊक नाही. सर्वपित्रीला चालतंय.'

'आप्पा, ते ख्रिश्चन आहेत.'

'असूं देत की. भूक काय धर्म बघून लागती?' ते म्हणाले. 'त्यांना काय आवडायचं ते तुझ्या साहेबाला विचार.'

आता हे ऑफिसात कसं विचारायचं? पण मी विचारलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, 'पाय. मैद्याच्या पारीत मटण भरून भाजतात ती. आणि चहा. दुधाचा, कडक, भरपूर साखर घालून.' मटण आप्पांनी साफ नाकारलं, म्हाळाच्या पानावर ते चालणार नाही म्हणाले. मग मी बटाटा भरून पाय केली. ती करंजीच्या वळणावर गेली, पण इंग्रजांनी चालवून घ्यावी. वडे, खीर, गवार, आळूची भाजी, आमसुलाची चटणी सगळं केलं. केळीची पानं खालच्या मल्याळी दुकानात मिळाली.

आप्पांना गच्ची हवी होती. नातूर, म्हणजे आमच्या इमारतीचा पठाण रखवालदार, आडवा आला. 'ऊपर खाना रखना मना है, हाजी. म्युनिसिपालिटी फाइन मारेगा. खलास.' डोक्यावरच्या टोपीमुळे तो आपल्याला हाजी म्हणतोय हे आप्पांना कळलं नाही, पण त्यांनी वाद घातला नाही. आम्ही बाल्कनीतच कठड्याजवळ स्टूल मांडलं आणि त्यावर दोन पानं ठेवली. एक इंग्लंडच्या पोरांचं, शेजारी कपात दुधाचा चहा. दुसऱ्या पानाबद्दल आप्पा काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. त्यांनी स्वतः त्यावर जिलेबी ठेवली. ती त्यांनी कधी आणि कुठून आणली मला ठाऊक नाही.

आम्ही आत येऊन काचेच्या दाराशी उभे राहिलो. दोन कावळे लगेच आले. एकाने पाय फोडली, दुसऱ्याने सरळ कपात चोच घातली. आप्पा म्हणाले, 'शिवला.' त्यांचा आवाज बारीक झाला होता. कावळ्यांनी ते पान पार विस्कटून टाकलं, खीर स्टुलावर सांडली. पण शेजारच्या पानाकडे वळेनात. मग तिसरा आला. तो दुसऱ्या पानाजवळ कठड्यावर बसला, मान वाकडी करून त्याने जिलेबीकडे बघितलं आणि बसून राहिला. घाटावर बसले होते तसा.

मला पळून जावंसं वाटलं. इतक्या दूर येऊन, समुद्र ओलांडून तेच पान आणि तेच बसणं. मी मनात म्हणायला लागले, दादा, माझं बरं चाललंय, मुलगी हुशार आहे, आप्पांना मी बघते. तो हलेना.

आप्पांनी काचेचं दार सरकवलं. गरम हवा तोंडावर आली. कावळा उडाला नाही. आप्पा त्याच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

'बाळ,' ते म्हणाले, 'मॅच आपण हरलो. एका गोलनं हरलो.'

कावळा बसून होता.

'तो शेवटचा. तुझ्या हाताला लागून आत गेलेला.'

पलीकडच्या रस्त्यावरून दुबईकडे जाणाऱ्या गाड्यांचा आवाज येत होता. आप्पांनी दोन्ही हात काखेत घट्ट दडवले. त्या क्षणी मला दादाचा चेहरा दिसला. ठिपका नव्हता. बारीक मिशी, नाकावरचा जुना व्रण आणि आत्ता काहीतरी विचारेल असे डोळे. मी दाराची चौकट धरली.

'दवाखान्यात तू मला विचारलंस,' आप्पा म्हणाले. 'म्हणालास, आप्पा, मॅचचं काय झालं. मी म्हणालो, जिंकलो की रे. तू माझ्याकडं बघितलंस आणि भिंतीकडं तोंड केलंस. परत बोलला नाहीस. मी खोटं बोललो, बाळ. तुला माहीत होतं आणि मी तुझ्या तोंडावर खोटं बोललो.'

हे आईला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक नव्हतं. घाटावर सगळी पेठ दादाला काय काय देऊ करत होती, तेव्हा पानापासून चार हातांवर उभ्या असलेल्या या एका माणसाला माहीत होतं त्याला काय हवंय, आणि पेठेसमोर ते त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. मरणाऱ्याला जगात सगळीकडे बहुतेक एकच उत्तर देतात. आप्पांनी दिलं त्यात नवल नाही. पण तेवढं एक उत्तर त्यांनी वीस वर्षं एकट्याने गिळून ठेवलं होतं.

कावळा कठड्यावरून खाली उतरला. पानावर दोन उड्या मारल्या, जिलेबी सोडली, वडा उचलला आणि समोरच्या इमारतीकडे उडून गेला.

आप्पा तसेच उभे होते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला तर सदरा घामाने भिजलेला होता. कावळा गेला त्या दिशेला बघत ते म्हणाले, 'एवढंच होतं व्हय रे? मग तेव्हाच सांगितलं असतं की.'